तिलोमचा कुत्रा

९ लामात
साकलूम, नदीकाठ

इश निक, पोरी,

हे पत्र तुला तुझे वडीलच वाचून दाखवणार, म्हणून आधी त्यांच्याशी दोन शब्द. व्याहीबुवा, तुम्ही दिवस मोजणारे, शिकलेसवरलेले. माझे वडील नायकाच्या घरची भांडी अक्षरांनी रंगवायचे, त्यांच्या रंगाच्या शिंपल्या धरता धरता मी चार अक्षरं उचलली, तेवढ्यावर हे चाललं आहे. तेव्हा खुशाल हसा, पण नीट वाचा. पदरचं काही घालू नका आणि रागाचं असेल ते रागानंच वाचा.

निक, तू न सांगता निघून गेलीस. पाट्यावर मका अर्धा वाटलेला, वरवंटा तसाच आडवा. राहिलेला मी वाटला. शेजारणी विचारतात, सून कुठे दिसत नाही? मी सांगते, आई आजारी आहे म्हणून माहेरी पेतेनिलला गेली. विहीणबाई, मला क्षमा करा. तुम्हाला मी या गावात चांगलं अंथरुणाला खिळवून ठेवलं आहे.

का गेलीस ते मला कुणी सांगायला नको. मीठवाला तोक आपल्या ओट्यावर बसून बोलला, तेव्हा तू माझ्या शेजारीच होतीस. त्या वरच्या नगरात तो मीठ विकायला बसला होता. लढाईत धरलेली माणसं दोरीला बांधून चौकात आणली. त्यातल्या एकाच्या डाव्या खांद्यावर भाजल्याची लांबट खूण होती. "त्याला बळीच्या पायऱ्यांवरून वर नेलं, मावशी," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "मग?" तर म्हणाला, "मग मी मीठ आवरलं."

त्या खांद्याला माझ्याच भांडी भाजायच्या आव्यातली जळती फांदी लागली होती. तेव्हा तो एवढासा होता, जाळात टर्कीचं अंडं भाजायला गेला होता. माझ्या लेकराची, तिलोमची खूण मला दुसऱ्यानं समजावून सांगायला नको.

मी त्याच दिवशी माती मळायला घेतली. तू आलीस आणि विचारलंस, "आई, काय वळताय?" मी म्हटलं, "कुत्रा." "कुणासाठी?" मी कान वळत राहिले. मग तू जे बोललीस ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. "तोक मिठात वाळू घालतो, अन् त्याच्या शब्दावर तुम्ही पोटच्या पोराला मारून मोकळ्या झालात?" तुझा हात लागून कुत्र्याचा कान तुटला. कानाचं काही नाही, कान लावता येतो.

पण पोरी, त्याला असं किती दिवस उभं ठेवायचं? मेल्यावर पलीकडे जायची नदी कुत्र्याशिवाय कुणाला ओलांडता आली आहे? तुझ्या आजीला नाही आली, माझ्या आजीला नाही आली. पावसानं ती नदी फुगली की मातीच्या कुत्र्यालाही पोहता येत नाही. म्हणून हे पावसाआधी व्हायला हवं. त्याची हाडं आपल्याला मिळायची नाहीत. अशा वेळी ज्या वस्तूत माणसाचा श्वास गेला असेल ती भोक पाडून, तिचा जीव मोकळा करून पुरतात, आणि तशी वस्तू एकच आहे. ती तू घेऊन गेलीस.

ती माकडाची शिट्टी पाठवून दे. तोक पुढच्या फेरीला तुमच्या तळ्यावरून येणार आहे. त्याच्याशी बोलू नकोस हवं तर, नुसती हातात ठेव.

तुझी सासू, अजून आहे ती


६ चुवेन

निक,

आज त्याचा दिवस. तू सकाळी उठून काय केलंस, मला कळायला मार्ग नाही. मी त्याच्या वाटणीची पेज काढून ठेवली, वर मिरची भुरभुरली आणि मग ती तुझ्या सासऱ्यांनी पिऊन टाकली. त्यांना मिरची सोसत नाही. तरी प्यायले.

तो चुवेनच्या दिवशी जन्मला तेव्हा सुईण म्हणाली, बाई, माकडाचा दिवस, तुझ्या घरात कलावंत आला, भांडी रंगवील. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बाळंतिणीनं मातीत हात घालायचा नसतो, तरी मी चोरून माकड वळलं. गाल फुगवलेलं, दोन्ही हात पोटावर. शेपटीतून फुंकलं की छातीतल्या भोकातून आवाज निघतो. पहिली फुंकर मी मारली आणि त्याच्या ओठाला लावली. कलावंत बिलावंत काही झाला नाही. आख्खं लहानपण ती शिट्टी फुंकून त्यानं गल्लीला हैराण केलं. "तुमचं माकड आवरा" म्हणून बायका दारात यायच्या. शेपटीवर त्याच्या दातांच्या खुणा आहेत, तू पाहिल्याच असशील.

आणि लढाईला जाताना ती तुझ्या हातात देऊन गेला, माझ्या नाही. "संध्याकाळी वाजव, मी आवाजावर येईन." मी चुलीशी होते, मला ऐकू आलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. आता लपवून काय करायचंय. तू रोज मक्याच्या बांधावर उभी राहून वाजवायचीस तेव्हा मी कुरकुर करायचे, कान किटले म्हणायचे. आता संध्याकाळी त्या बांधावर कुणी नसतं.

शिट्टी तोकबरोबर आली नाही.

कुत्रा काल आव्यात घातला होता. पोट तडकलं. लाकूड ओलं होतं. तुझे सासरे चुन्याच्या भट्टीला सगळं चांगलं लाकूड नेतात आणि मला उरलंसुरलं देतात, मग भांडी तडकणार नाहीत तर काय. तुला मी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं ना, भांडं जाळात घालण्याआधी गालाला लावायचं. गार लागलं तर आत ओल आहे, ठेव बाजूला. तू लाजायचीस, मातीला गाल लावायला. असो. दुसरा वळते.

जेवत जा.

तुझी सासू


१२ ओक

इश निक,

तुझा निरोप मिळाला. तोकनं तो जसाच्या तसा सांगितला, अगदी तुझा आवाज काढून. "शिट्टी मिळणार नाही. मी ती तळ्याकाठी रोज वाजवते. वाजवायची थांबले तर तो येईल कसा?" आणि वर, "त्यांना सांगा, घाई कुणाला आहे ते मला कळतं."

घाई? बरं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते तुझ्या घराण्याबद्दलच असावं. व्याहीबुवा, हे रागानं वाचायचं आहे.

अगं, तू तळ्याकाठी वाजवणार, तो नदीकडून येणार. तुझ्या शहाणपणानं पोरगं तिथेही वाट चुकायचं! येणारच असता तर घरी आला असता, सासुरवाडीला नाही. त्याची चटई इथं आहे. त्याचं पेरणीचं टोकण, ती टोकदार काठी, इथं आहे, छपरात खोचलेलं. रोज बघते.

आज कुत्र्याचा दिवस म्हणून मुद्दाम आव्याला हात घातला. दुसराही गेला, मान आणि पुढचा एक पाय. फुटल्याचा आवाज ऐकून तुझे सासरे भट्टीवरून आले, पांढरेफटक, अंगभर चुना. तुकडे बघून म्हणाले, "एवढं आयुष्य भांडी भाजण्यात गेलं, एक कुत्रा भाजता येईना?" मी म्हटलं, "मातीत चुनखडीची भरड जाड पडली." "मागल्या खेपेला लाकूड ओलं होतं." "होतंच." "नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणाले आणि गेले.

मग दारातून परत वळले. "मेला तो मेला, बाई. उरकून टाक. रोज रोज मेलेला मला बघवत नाही."

बघ, असा माणूस. तोक सांगून गेला त्या दिवसापासून यांच्या डोळ्यात मी पाणी पाहिलं नाही. दगड भाजून भाजून स्वतः दगड झाला आहे. तू निदान ओरडलीस तरी. कान तोडलास तरी.

माहेरी आहेस तर आईच्या हातचं खा. इथे असताना तुझ्या मनगटाची हाडं दिसायला लागली होती.

सासू


१० इश

व्याहीबुवा,

तुमचं पत्र आलं. अक्षर काय सुरेख, वाचायलाच वेळ लागला. निक जेवत नाही, तळ्यावरून अंधार पडला तरी उठत नाही, हे तुम्ही लिहिलंत. तिच्यासाठी तुमच्या ओळखीतलं एक स्थळ मनात आहे, पण बाई विधवा की सवाष्ण हेच ठरत नाही, लोक काय म्हणतील, हेही लिहिलंत. बापाचं काळीज आहे, मला राग नाही. तरणीताठी पोर आहे. तिनं जन्मभर माझ्या अंगणात मका वाटावा असं मी म्हणणार नाही. पण मुलाला पोचवल्याशिवाय मी तिला मोकळी करू शकत नाही, तीही होणार नाही. तेवढं होऊ द्या.

आता पुढचं फक्त तुमच्यासाठी. हे तिला वाचून दाखवू नका, तुम्हाला तुमच्या मोजलेल्या दिवसांची आण आहे.

तिसरा कुत्राही फुटला. शेजारीण तुकडे वेचायला आली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिचे हंडे, तिच्या सुनेचे हंडे, सगळे माझ्या आव्यातून निघालेले. एकाला ओरखडा नाही. ती म्हणाली, "अक्का, कुणी करणी केली का तुझ्यावर?" मी हो म्हटलं. काय सांगू दुसरं?

लाकूड वाळलेलं होतं, व्याहीबुवा. भरडही बारीक होती, मी स्वतः चाळली होती. पहिल्या कुत्र्याला मी गाल लावला तेव्हा तो गार लागला. पोटात ओल होती, अजून दोन उन्हं हवी होती. मला कळलं आणि मी तो जाळात घातला. दुसराही गार होता. तिसऱ्याच्या वेळी तर मी गाल लावून तशीच बसून राहिले, आणि मग उठून लाकडं पेटवली.

मला वाटायचं, हा तडकला की अजून थोडे दिवस. कुत्रा नाही तर पुरणं नाही, आणि पुरलं नाही तोवर कुणी शपथेवर सांगावं की तो गेला? सून मला घाईची म्हणते. म्हणू दे. ती तळ्याकाठी शिट्टी वाजवते आणि मी कुत्रे फोडते. तिच्यात आणि माझ्यात तेवढाच फरक.

पण आता शेतं जाळायला लागलेत. धूर दिसतो रोज. पाऊस लांब नाही, आणि तिलोम तिकडे नदीच्या काठावर उभा असेल. लहानपणी त्याला पाण्याची फार भीती वाटायची.

हे तिला वाचू नका.


६ किब

निक, माझ्या लेकी,

तुझे वडील वचनाचे अगदी कच्चे निघाले. देव त्यांचं भलं करो.

तोक काल आला. त्यानं कापसात गुंडाळलेलं ते माझ्या ओंजळीत ठेवलं आणि खाली मान घालून तुझा निरोप सांगितला. यावेळी तुझा आवाज काढला नाही. "आई, तुमचा हात होत नाही तसा माझाही होत नाही. किती वेळा टोचा हातात घेतला. भोक तुम्हीच पाडा." एवढंच. मी त्याला पेज दिली, त्यानं मला मीठ दिलं. वाळू नाही त्याच्या मिठात, निक. कधीच नव्हती.

मी माकड मांडीवर घेऊन अंगणात बसले. तुझ्या हातांनी ते गुळगुळीत झालं आहे. शेपटीला दातांच्या खुणा तशाच आहेत. मला भोक पाडायचं होतं. टोचा शेजारी ठेवला होता. ऊन कलत आलं होतं, पलीकडच्या शेतातला धूर खाली बसत होता. काय मनात आलं कुणास ठाऊक, म्हटलं, शेवटचं एकदा. आणि ओठाला लावून फुंकलं.

तोच आवाज. जरा फाटका, शेवटी वर जाणारा. मी पुन्हा फुंकलं.

भट्टीकडून काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बघते तर तुझे सासरे मक्याच्या वाळलेल्या धाटांतून धावत येताहेत. तो माणूस, ज्याला गुडघ्यामुळे पाटावरून उठताना दोनदा हात टेकावा लागतो. अंगावर चुना, पाय अनवाणी, एका पायातून रक्त. कुंपणाला वळसासुद्धा घातला नाही, ते मोडूनच आत आले आणि ओरडले, "आला? आला का गं? कुठं आहे?"

मी बसलेली. माझ्या हातात शिट्टी.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग शिट्टीकडे. दाराकडे एकदा बघितलं, आतही डोकावून आले. मग ते तिथेच मातीत बसले आणि रडले. निक, आमचं लग्न झाल्यापासून मी या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं. चुन्यावरून पाणी ओघळून तोंडभर पट्टे उठले. "मला वाटलं आला," म्हणत होते. "मी रोज कान देऊन असतो. सुनबाई गेली तेव्हा आवाज बंद झाला, तेव्हा मला वाटलं आता त्याला कसं कळणार." आणि मला काय म्हणायचे? मेला तो मेला, उरकून टाक!

या घरातली तीन माणसं त्याची वाट बघत होती आणि आम्ही दोघं ते एकमेकांपासून लपवत होतो. तू तेवढी उघड्यावर वाजवत होतीस, म्हणून आम्ही तुला वेडी म्हणायचो.

शिट्टीला आज भोक पाडलं नाही. त्यांना म्हटलं, उद्या. ते म्हणाले, उद्या.


२ चिकचान

निक,

झालं.

टोचा त्यांनी फिरवला, माकड मी धरलं. भोक काही सरळ पडलं नाही, पाठीत जरा तिरकं गेलं. पाडून झाल्यावर मी फुंकून पाहिलं. नुसती हवा गेली. खाली पडलेली चिमूटभर भुकटी मी गोळा करून त्याच्यातच घातली.

कुत्रा चौथा. माती नदीच्या त्या वळणावरची घेतली जिथे तो पोहायला घाबरायचा. धष्टपुष्ट वळला, पाठ रुंद, म्हणजे धरायला बरं. शेपूट काही केल्या सरळ राहीना. सासरे म्हणाले, राहू दे, कुत्र्याचं आहे, वाकडंच शोभतं. कितीतरी दिवसांनी ते काहीतरी थट्टेचं बोलले. एक कान मी मुद्दाम तुटका ठेवला. तो तू तोडलेला कान आहे. एवढा तरी तुझा हात त्या कुत्र्याला लागलेला असू दे.

उन्हात राहू दिला, हवा तेवढा. मग गालाला लावला. कोमट लागला, कोरडा. मी सासऱ्यांच्या गालालाही लावला. "गार नाही," ते म्हणाले. म्हटलं, "नाही." मग आवा लावला आणि दोघं बाजूला बसून राहिलो. आतून एकही आवाज आला नाही. राख झाडली तेव्हा अखंड उभा होता, लालबुंद, तोंड उघडं. मी किती रडले सांगू! तडकला असता तर इतकी रडले नसते. पुरण्याआधी त्याच्या पोटाला भोक मात्र मी एकटीनं पाडलं.

त्याची चटई होती तिथेच खणलं. खाली माकड, त्यापुढे कुत्रा, तोंड नदीकडे करून. कुत्र्याच्या तोंडात मक्याच्या पिठाचा गोळा ठेवला, वाटेत भूक लागली तर. टोकण राहू दिलं छपरात. ते मला बघायला हवं आहे. सासरे वाकून त्याच्या कानाशी, म्हणजे कुत्र्याच्या, म्हणाले, "हळू ने. त्याला पाण्याचं भय आहे."

मग माती लोटली आणि वरून चुन्याचा गिलावा केला. यांनी स्वतः भाजलेला चुना, सगळ्यात पांढरा. अर्ध्यावर मी, अर्ध्यावर ते. घरच्या प्रत्येकाचा तळवा उमटवायचा असतो, तुला माहीत आहे. आमचे दोन उमटले. मध्ये एका हाताएवढी जागा सोडली आहे.

व्याहीबुवा, हे मोठ्यानं वाचा. ती जागा भरली की पोर मोकळी. तिनं तुमच्या मनातलं स्थळ बघावं, नाही तर इथे येऊन राहावं, माती मळावी, तिची मर्जी. ती हो म्हणाली तर सासूच तिच्या लग्नाची भांडी करील. पण तो एक हात आम्ही दुसऱ्या कुणाला लावू देणार नाही.

तेवढ्या जागेवर तुझे सासरे ओली पानं अंथरून ठेवतात. सकाळ-दुपार-संध्याकाळ उठतात, पाणी शिंपडतात, बोटानं दाबून बघतात. संध्याकाळी शिंपडून झालं की बांधावर जाऊन उभे राहतात, तू उभी राहायचीस तिथे, आणि पेतेनिलच्या वाटेकडे बघत राहतात. मी हाक मारते तेव्हा आत येतात.

ऊन फार कडक पडलं आहे, निक. चुना जास्त दिवस ओला राहायचा नाही.

तुझी आई